दशांशचिन्हानंतरचा न्याय

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत विद्यार्थ्याची योग्यता एका आकड्यात सांगण्याची प्रथा आहे. हा आकडा ३.४३ असा, दशांशचिन्हानंतर दोन घरे चालवून लिहिलेला असतो. त्याला लागून पुष्कळ ठिकाणी दुसरा आकडा येतो, तो वर्गातील क्रमांकाचा. आमचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. यातला पहिला आकडा गणिताच्या कसोटीवर पोकळ आहे, दुसरा न्यायाच्या कसोटीवर पोकळ आहे. आणि ज्या विद्येचे मोजमाप केल्याचा दावा हे दोघे करतात, त्या विद्येच्या स्वरूपाशीच ते विसंगत आहेत. न्याय शिकवणाऱ्या संस्थांनी ही प्रथा जपावी यात जो विरोधाभास आहे तो गमतीचा नाही, गंभीर आहे.

मराठी साहित्याच्या अध्यापकांनी या परमुलखातल्या वादात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की कायद्याची परीक्षा ही मुळात वाचनाची परीक्षा आहे. हार्वर्डचे अधिष्ठाता लँग्डेल यांनी १८७० पासून न्यायनिवाडे वाचून कायदा शिकवण्याची पद्धत रुजवली. ती आजही तिथल्या शिक्षणाचा कणा आहे. परीक्षेत विद्यार्थ्यापुढे एक लांबलचक कल्पित घटना ठेवली जाते. कोणी करार मोडलेला असतो, कोणाच्या कुंपणावरून वाद पेटलेला असतो, कोणाच्या निष्काळजीपणाने तिसऱ्यालाच इजा झालेली असते. त्या घटनेतील वादाचे मुद्दे हेरायचे, दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करायचा आणि कोणती बाजू का टिकते ते लिहायचे. अशा प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसते. चांगली आणि कमी चांगली वाचने असतात. कवितेचे रसग्रहण तपासणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. तिथला परीक्षक आणि इथला परीक्षक एकाच नावेतले प्रवासी आहेत. फरक एवढाच की तिथल्या नावेला दशांशचिन्हाचे शीड लावलेले आहे.

आता हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. प्रत्येक विषयाला अक्षरी ग्रेड मिळते आणि प्रत्येक अक्षराला अंक दिलेला असतो. रूढ शिडीत ‘ए’ म्हणजे ४, ‘ए मायनस’ म्हणजे ३.७, ‘बी प्लस’ म्हणजे ३.३ आणि ‘बी’ म्हणजे ३. विषयाच्या श्रेयांकांनी या अंकाला गुणायचे, सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. समजा, एका विद्यार्थिनीला करार कायद्यात ‘बी प्लस’, अपकृत्य कायद्यात ‘ए मायनस’, दिवाणी प्रक्रियेत ‘बी’ आणि विधिलेखनात ‘ए’ मिळाली. पहिले तीन विषय चार श्रेयांकांचे, चौथा दोन श्रेयांकांचा. बेरीज ४८, भागाकार १४ ने, उत्तर ३.४३. तिच्या शेजारी बसणाऱ्याला करार कायद्यात ‘ए मायनस’, अपकृत्य कायद्यात ‘बी’ आणि दिवाणी प्रक्रियेत ‘बी प्लस’ मिळाली, विधिलेखनात तिच्याइतकीच. त्याचेही ३.४३. तीन विषयांत दोघांची समज वेगळी, पण सरासरी एक. एक जण करार बारकाईने वाचतो, दुसरी माणसामाणसांतील जबाबदारीचा प्रश्न नीट उलगडते. नोकरी देणाऱ्याला नेमके हेच कळायला हवे होते, आणि सरासरीने नेमके हेच पुसून टाकले.

त्या शिडीकडेही एकदा नीट पाहावे. ‘ए’ पासून ‘ए मायनस’ पर्यंतचे अंतर ०.३, ‘ए मायनस’ पासून ‘बी प्लस’ पर्यंतचे ०.४, आणि तिथून ‘बी’ पर्यंतचे पुन्हा ०.३. मधली पायरी अधिक उंच आहे हे कोणी मोजले? कोणीच नाही. एकाचे तीन समान भाग दशांशात नीट बसत नाहीत, म्हणून ते असे गोळाबेरीज करून बसवले. काही महाविद्यालयांत ‘ए प्लस’ला ४.३ मिळतात, काहींत ती ४ वरच थांबते. म्हणजे उत्तरपत्रिका लिहिणाऱ्याच्या बुद्धीत नसलेले फरक शिडी बनवणाऱ्याच्या सोयीतून येतात आणि पुढे तेच विद्यार्थ्याचे गुण म्हणून मिरवतात.

मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मोजमापाच्या प्रकारांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी केलेला एक भेद इथे मोलाचा आहे. काही मापे केवळ क्रम सांगतात : हे त्याच्या वर, ते याच्या खाली. दोन पायऱ्यांमधील अंतर किती, हे ती मापे सांगत नाहीत. म्हणून त्यांची सरासरी काढण्याला काटेकोर अर्थ राहत नाही. संख्याशास्त्रात यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि व्यवहारात अशा सरासऱ्या सर्रास काढल्या जातात. पण व्यवहारातली सवलत आणि दोन दशांश स्थळांची ऐट या वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यांनी अंदाज घेऊन ‘हा माणूस उंच, तो मध्यम’ असे म्हणायचे, त्या शब्दांना अंक द्यायचे आणि मग मिलिमीटरमध्ये उंची जाहीर करायची, असा हा प्रकार आहे.

आमच्यापैकी प्रत्येकाने विद्यापीठाच्या ‘कॅप’मध्ये उन्हाळे घालवले आहेत. एकाच दीर्घोत्तरी प्रश्नाच्या उत्तराला वीसपैकी एक परीक्षक नऊ देतो, दुसरा बारा देतो आणि दोघेही प्रामाणिक असतात, हे तिथे बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. अमेरिकी विधी महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या पुष्कळ विषयांची ग्रेड सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर ठरत आली आहे. वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीच्या करार कायद्याच्या परीक्षकाने ‘बी प्लस’ऐवजी ‘ए मायनस’ दिली असती, तर तिची सरासरी ३.४३ वरून ३.५४ झाली असती. जिथे दोनशे विद्यार्थी दशांशाच्या एका छोट्या पट्ट्यात दाटीने उभे असतात, तिथे एवढ्याने माणूस कितीतरी जागा वर सरकतो. आणि हे एका वाचकाच्या एका संध्याकाळच्या मनःस्थितीवर अवलंबून असते.

येथवर दोष मोजपट्टीचा होता. यापुढचा दोष हेतूचा आहे. बहुतेक अमेरिकी विधी महाविद्यालयांत ‘कर्व्ह’ नावाची सक्ती असते. वर्गाची सरासरी अमुक इतकी यावी, किंवा वरच्या श्रेणी इतक्या टक्क्यांनाच द्याव्यात, हे उत्तरपत्रिका हाती येण्याआधीच ठरलेले असते. बर्कलेमध्ये पहिल्या वर्षी वरच्या १० टक्क्यांना सर्वोच्च श्रेणी, पुढच्या ३० टक्क्यांना दुसरी आणि उरलेल्या बहुतेकांना ‘पास’. शिकागोत १५५ ते १८६ अशी जगावेगळी पट्टी आहे आणि वर्गाचा मध्यक १७७ वर ठेवला जातो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. समजा, एखाद्या वर्षी सगळ्या वर्गाने करार कायदा उत्तम आत्मसात केला. वक्राला त्याचे सोयरसुतक नाही. कोणालातरी खाली जावेच लागेल. समजा, सगळा वर्ग कच्चा निघाला. तरी वरच्या दहा टक्क्यांना ‘उत्कृष्ट’ म्हणावेच लागेल. म्हणजे ही ग्रेड ‘तुला किती समजले’ हे सांगत नाही, ‘तुझ्या खाली किती जण आहेत’ एवढेच सांगते. तिला विद्येचे माप म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे.

आकडा आणि विद्या यांचे नाते किती पातळ आहे, हे लॉस एंजेलिसच्या लॉयोला विधी महाविद्यालयाने २०१० मध्ये दाखवून दिले. इतर महाविद्यालयांचे वक्र सैल असल्याने आपले विद्यार्थी नोकरीच्या बाजारात मागे पडतात, असे ठरवून त्या संस्थेने गेल्या काही वर्षांत दिलेल्या प्रत्येक ग्रेडमध्ये ०.३३३ मिळवले. एकाही उत्तरपत्रिकेचे पान पुन्हा उघडले गेले नाही. त्या संस्थेची थट्टा पुष्कळ झाली. आम्हांला मात्र तिच्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. वक्र हा अधिकृत ठराव असतो, तर ठरावाने तो हलवताही येतो, एवढेच तिने उघडपणे केले.

यात कोणाचे नुकसान होते, असे विचारणाऱ्यांनी सशर्त शिष्यवृत्त्यांचा इतिहास पाहावा. कित्येक विधी महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्ती देत आणि सरासरी अमुक अंकाखाली जाता कामा नये अशी अट घालत. पदवीपर्यंत कधीही त्या अंकाखाली न गेलेल्या मुलाला ही अट किरकोळ वाटे. वक्राचा हिशेब त्याला कोणी समजावून दिलेला नसे. समजा, शंभरांपैकी साठ जणांना अशी शिष्यवृत्ती दिली आणि वक्र असा की त्या अंकावर पन्नासच जण राहू शकतात. तर सगळ्यांनी रात्रीचा दिवस केला तरी किमान दहा जणांची शिष्यवृत्ती जाणार, हे पहिल्या तासाआधीच ठरलेले. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये हा प्रकार चव्हाट्यावर आणला. त्यानंतर अशा किती शिष्यवृत्त्या कमी झाल्या वा गेल्या, ते जाहीर करणे अमेरिकन बार असोसिएशनने बंधनकारक केले. पण जाहीर करणे म्हणजे बंद करणे नव्हे. वर्षाअखेरीस त्या विद्यार्थ्याच्या हातात कर्जाचा कागद येतो. सोबत आपण नालायक ठरलो अशी समजूतही येते, आणि आम्हांला कर्जाहून तिचीच चिंता अधिक वाटते.

उरलेले काम क्रमांक करतो. पदवीधरांतील वरच्या १० टक्क्यांसाठी ‘ऑर्डर ऑफ द कॉइफ’ हा सन्मान आहे. मोठ्या वकिली कंपन्या पहिल्या वर्षाच्या, कधी तर पहिल्याच सत्राच्या आकड्यांवर मुलाखतीची दारे उघडतात आणि बंद करतात. न्यायाधीशांच्या कार्यालयातील उमेदवारीची वाटही बहुधा तिथूनच जाते.

आता पूर्वपक्ष. त्याची मांडणी प्रामाणिकपणे करणे आमचे कर्तव्य आहे, कारण तो कमकुवत नाही. पहिला मुद्दा असा की वक्र नसेल तर कडक परीक्षकाच्या वर्गातला विद्यार्थी मार खातो आणि सढळ परीक्षकाचा तरतो. हे खरे आहे. पण वक्र दोन वर्गांच्या सरासऱ्या जुळवतो, दोन परीक्षकांची नजर जुळवत नाही. नजर जुळवायची तर उत्तरपत्रिका दोघांनी वाचाव्या लागतात, निकष आधी लिहून काढावे लागतात, मतभेद झाल्यास चर्चा करावी लागते. हे श्रमाचे काम आहे. वक्र म्हणजे या श्रमातून काढलेली पळवाट.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. आकडे आणि क्रमांक काढून टाकले तर ओळखीपाळखी, घराणे आणि संस्थेचे नाव यांचेच राज्य येईल; ज्याच्या घरात यापूर्वी कोणी वकील झाला नाही त्याच्याजवळ आकड्याखेरीज दुसरे हत्यार नसते. येलने फार पूर्वीच ‘ऑनर्स’, ‘पास’, ‘लो पास’ अशी शब्दांची पद्धत घेतली. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड यांनी २००८ मध्ये तिच्याकडे वळण्याचा निर्णय केला. टीकाकार म्हणतात, त्यांना ते परवडते. येलच्या विद्यार्थ्याला क्रमांकाची गरज नाही, कारण येल हाच त्याचा क्रमांक आहे. हा युक्तिवाद आम्हांला अस्वस्थ करतो. पण तो सिद्ध काय करतो? एवढेच की नामांकित संस्थांच्या विद्यार्थ्यांना माणूस म्हणून वाचले जाते आणि इतरांना आकडा म्हणून. यावरचा उपाय इतरांना अधिक बारीक आकडे देणे हा नसून त्यांनाही वाचणे हा आहे. गरीब विद्यार्थ्याचे खरे हत्यार परीक्षेतली अनामिकता आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, म्हणून घराणे दिसत नाही. ती अनामिकता जपलीच पाहिजे. तिच्यासाठी दशांशाची गरज नाही. शिवाय त्या आकड्याखालीच त्याची शिष्यवृत्ती चिरडली जाते, हे आपण पाहिलेच.

मराठीत आपण ग्रेडला ‘श्रेणी’ म्हणतो. याच शब्दातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची एक मूलगामी संकल्पना आपल्या भाषेत रुजली आहे : श्रेणीबद्ध विषमता. जन्माने लादलेली उतरंड आणि परीक्षेतला क्रमांक यांना एका मापाने मोजणे हा त्या विचाराचा अवमान ठरेल. आम्ही तसे करीत नाही. क्रमांक बदलता येतो, जात बदलता येत नाही. तरीही त्या विश्लेषणातले एक मर्म इथे उपयोगी पडते. श्रेणीबद्ध रचनेत अगदी तळाचा सोडला तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते; म्हणून ती रचना मोडण्यापेक्षा आपली पायरी राखण्यात प्रत्येकाला हित दिसते आणि तक्रार करणारे एकत्र येत नाहीत. वक्राने बांधलेल्या वर्गात हेच घडते. शंभरांतला साठावा रचनेवर रागावत नाही, एकुणसाठाव्यावर रागावतो. टिपणे लपवली जातात, सहाध्यायी प्रतिस्पर्धी होतो. ज्यांनी पुढे दुबळ्यांची बाजू मांडायची, त्यांना पहिल्या वर्षी आम्ही खालच्याचे असणे हीच आपली सुरक्षितता आहे, हा धडा देतो.

दुसरे काही शक्यच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. २०२० च्या वसंत सत्रात महामारीमुळे हार्वर्ड, कोलंबिया, बर्कले यांच्यासह अनेक विधी महाविद्यालयांनी ग्रेड बाजूला ठेवून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल दिला. न्यायव्यवस्था कोसळली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात येल आणि हार्वर्ड यांनी संस्थांना क्रमांक लावणाऱ्या ‘यू. एस. न्यूज’च्या यादीला माहिती देणे थांबवले आणि बर्कलेसह इतर कित्येक संस्था त्यांच्यामागून गेल्या. एका आकड्यात संस्थेचे कार्य मावत नाही, असे त्यांचे सांगणे होते. आम्हांला ते मान्य आहे. मग एका आकड्यात विद्यार्थी कसा मावतो?

आणखी एक दाखला तर आपल्या दारातला आहे. मुंबई किंवा पुण्याची पदवी घेऊन अमेरिकेत कायदा शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याची गुणपत्रके तिथल्या प्रवेश परिषदेकडे तपासणीला जातात. अमेरिकी पदवीची सरासरी ही परिषद स्वतः नव्याने मोजते, पण आपल्याकडच्या पदवीची मोजत नाही. ती ‘श्रेष्ठ’, ‘सरासरीहून वर’, ‘सरासरी’, ‘सरासरीहून खाली’ अशा अर्थाच्या चार शब्दांपैकी एक शब्द लिहिते. आणि तेवढ्यावर प्रवेशाचे निर्णय होऊ शकतात. जिथे मापे जुळत नाहीत हे मान्य करावे लागते, तिथे तीच व्यवस्था चार शब्दांवर समाधान मानते. वर्गातल्या दोनशे उत्तरपत्रिकांबाबतही तिने हा विनय दाखवावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आपल्याकडे याचे पडसाद उमटले आहेत म्हणून हे लिहिणे निकडीचे वाटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४-१५ मध्ये पसंतीवर आधारित श्रेयांक पद्धतीसाठी ‘ओ’ला १० आणि उत्तीर्णतेला ४ अशी शिडी सुचवली. त्या मार्गदर्शक तत्त्वांत सापेक्ष श्रेणीची, म्हणजेच वक्राची, वाटही मोकळी ठेवली होती. उलट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निकषाधारित श्रेणीचा आग्रह धरला आहे. त्या धोरणातील इतर गोष्टींवर आमचे वाद असतील, पण हे वाक्य बरोबर आहे आणि त्याची आठवण प्रत्येक अभ्यासमंडळाला करून दिली पाहिजे. आज साठाला एखादी श्रेणी सुरू होत असेल तर एकोणसाठ आणि साठ यांत दरी पडते, साठ आणि एकोणसत्तर मात्र एक होतात. आणि इतके सगळे गोलमाल करून झाल्यावर आपण सरासरी पुन्हा दोन दशांश स्थळांपर्यंत काढतो. बोर्डाची गुणवत्ता यादी आता लागत नाही, याचा आनंद मानणाऱ्या आपण महाविद्यालयात तीच यादी मागच्या दाराने आत घेऊ नये.

आमची मागणी मोजकी आहे. अनामिक परीक्षा राहू द्यावी. श्रेणी तीन किंवा चारच असाव्यात, त्यांचे निकष शब्दांत लिहिलेले असावेत आणि कोणत्याही श्रेणीला टक्क्यांचे कुंपण नसावे. सीमेवरच्या उत्तरपत्रिका दुसऱ्याने वाचाव्यात. प्रत्येक विषयाची श्रेणी प्रमाणपत्रावर स्वतंत्र दिसावी. त्यांची सरासरी काढू नये आणि क्रमांक लावू नये. कोणाचीही फी माफी किंवा शिष्यवृत्ती त्याच्या शेजाऱ्याच्या गुणांवर अवलंबून ठेवू नये. नोकरी देणाऱ्याला निवड करणे मग अवघड जाईल हे खरे. त्याला उमेदवाराने लिहिलेले काही वाचावे लागेल. वकिली कंपन्या अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतातच. तो त्यांनी आधी वाचावा.